निजलेल्यांच्या यादीत आम्ही चौघं

आमच्या मंडळीत कुणी मरत नाही, निजतं. 'प्रभूमध्ये निजला' असं म्हणायची आमच्या चर्चमध्ये रीत आहे, आणि लहानपणी या एका शब्दानं माझ्या दुपारच्या झोपेचं पार वाटोळं केलं होतं. आई म्हणायची, "नीज गं जरा," आणि मी डोळे ताणून छताच्या पत्र्याकडे बघत पडायची. आपण निजलो आणि तेवढ्यात पाळकसाहेब निजलेल्यांची यादी घेऊन आले तर? दीनाआत्या यावर पोट धरून हसायची. ती पप्पांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. उभा जन्म ती मंडळीची बायबलबाई होती, म्हणजे पिशवीत पुस्तक घालून वाडीवस्तीवर जायचं, बायकांना वाचून दाखवायचं, त्यांच्या सुखदुःखाचं ऐकायचं आणि संध्याकाळी शेवटच्या एसटीनं परत यायचं. "अगं, निजलेलं माणूस उठतंय, म्हनून निजलं म्हनायचं," ती मला सांगायची. "मेलं म्हनलं की संपलं की सगळं." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पुढं ज्या वर्षी आम्हा चौघांनाच निजवण्यात आलं, त्या वर्षी मी बारावीला होते, आणि तोवर आत्याचं हे बोलणं मी विसरूनही गेले होते.

आमचं गाव मुखेडपासून एसटीनं अर्ध्या तासावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथं अजून माझी माणसं राहतात, आणि काळा कोट अंगावर आल्यापासून नाव लिहिण्याआधी दोनदा विचार करायची खोड लागली आहे. पप्पा, शिमोन त्यांचं नाव, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. नखांतलं ग्रीस जात नसे, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांची काळी बोटं फार उठून दिसायची. आई, मार्था, आरोग्य केंद्रात नर्स होती. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं, रागावले की पप्पासुद्धा. घर चर्चपासून शंभर पावलांवर, मध्ये फक्त दफनभूमीची दगडी भिंत आणि तिच्यावरून डोकावणारं कडुलिंबाचं झाड. रविवारी आई पहाटे येसर मसाला घालून मटणाचा रस्सा चढवून ठेवायची, उपासनेत शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी त्याचा वास भिंतीवरून यायचा, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की पप्पा पेटीवर हळूच एक सूर धरून ठेवायचे. तो सूर म्हणजे रस्सा आटतोय, आता आवरा. ही खूण मंडळीतल्या लेकराबाळांनाही ठाऊक होती. लिंबाखाली माझे आजोबा होते आणि त्यांच्याशेजारची मोकळी जागा आत्यानं स्वतःसाठी सांगून ठेवली होती. गुडघे गेल्यापासून ती बाजेवरच असायची, पण बाज अशी लावून घेतली होती की खिडकीतून तो लिंब दिसावा. लोक प्लॉट घेऊन ठेवतात तशी ती त्या जागेकडे रोज नजर टाकायची.

सगळं सुरू झालं ते मरियमच्या तापानं. मरियम ही सुलोचनामावशीची चार वर्षांची मुलगी. मावशी सख्खी नव्हे, आईच्या बरोबरीची मैत्रीण, घर आमच्या मागच्याच गल्लीत. पोरीला दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, तीन दिवस उपास-प्रार्थना करा, दवाखान्यात नेलं तर विश्वास कच्चा ठरेल. हे पाळकसाहेब आमच्याकडे नवे होते, आवाज मोठा होता आणि त्यांच्यापुढे मान वर करायची कुणाची टाप नव्हती. आई ड्युटीवरून येताना तिथं डोकावली, पोरीचे डोळे बघितले, आणि कुणाला काही न विचारता तिला चादरीत गुंडाळून उचललं. "प्रार्थना गाडीत करा," एवढंच ती म्हणाली. जीपमधून थेट नांदेडला, विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. आम्हाला वाटलं, आता मंडळी आईचा सत्कार करील. आम्ही चौघंही किती खुळे होतो!

पुढच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो तर पेटीवर दुसरंच कुणी बसलेलं. कुणी काही बोललं नाही. कुणी रागानं बघितलंही नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझी मैत्रीण माझ्यासमोरून आली, तिची नजर माझ्या चेहऱ्यावर पडली आणि काचेतून जावी तशी पलीकडच्या भिंतीवर गेली. मी "जय ख्रिस्त" म्हणाले. तिनं ओढणी सारखी केली आणि ती पुढे गेली. आम्ही आमच्या सतरंजीवर बसलो तशी आजूबाजूची माणसं उठली नाहीत, फक्त हळूहळू सरकत गेली आणि गीत संपेपर्यंत आमच्याभोवती सतरंजीचा रिकामा चौकोन तयार झाला. संध्याकाळी गायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझं आणि पप्पांचं नाव गेलं. नंतर कळलं की पाळकसाहेबांनी बुधवारच्या घरप्रार्थनेत तोंडी सांगितलं होतं, सिस्टरचं घर शिस्तीखाली, म्हणजे वाळीत, आहे, त्यांच्याशी बोलेल तोही शिस्तीखाली. कागदावर एक अक्षर नव्हतं.

पुढचे कित्येक महिने असेच गेले. गावातली बाकीची माणसं आमच्याशी नेहमीसारखीच वागायची. किराणावाले शिवाप्पामामा "काय सिस्टर, गूळ नवा आलाय" म्हणून हाक मारायचे, आणि त्याच दुकानात आमच्या शेजारी उभी असलेली मंडळीतली बाई, आमचा आवाजच ऐकू येत नसल्यासारखी, आमच्या अंगावरून हात घालून पिशवी उचलायची. एकाच रस्त्यावर अर्ध्या माणसांना मी दिसत होते, अर्ध्यांना नव्हते. मला हळूहळू स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली. एसटीत बसले की मी आधी खिडकीच्या काचेत बघायची, आपलं तोंड उमटतंय ना. रविवारी पप्पा घरातली जुनी पेटी काढायचे. पलीकडे गीत सुरू झालं की तेच गीत बारीक आवाजात धरायचे. एक-दोन ओळी दोन्हीकडचे सूर मिळायचे आणि मग तिकडची सगळी माणसं एकदम गप्प व्हायची. पन्नास-साठ गळे एका क्षणात बंद. मधल्या शांततेत फक्त पप्पांची पेटी, आणि भिंतीपलीकडं माणसं श्वास धरून उभी आहेत हे आम्हाला इकडं कळायचं. पप्पांनी हात काढला की गीत तिथूनच पुढे सुरू. तिसऱ्या रविवारनंतर पप्पांनी पेटी खोळीत घालून माळ्यावर टाकली. मला त्या लोकांचा इतका राग आला होता की मी भिंतीवरून दगड टाकला असता. आईनं हात धरला म्हणून टाकला नाही.

आत्याला मात्र एकच घोर लागला होता. "माझं काय रं, शिमोन?" ती पप्पांना विचारायची. "मंडळीच न्हाई तर मला मूठमाती कोन देनार? का मुखेडला न्यून टाकतोस अनोळख्या मानसांत?" आमच्याकडे कबर मंडळी खणते, दफनभूमीची किल्ली मंडळीकडे असते, आणि मूठ मूठ माती सगळ्यांनी मिळून घालायची असते. पप्पा खाली मान घालून नखातलं ग्रीस काढत बसायचे. शेवटी ते मनोहरकाकांकडे गेले. मनोहरकाका म्हणजे मंडळीचे सेक्रेटरी आणि पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, अक्षर असं की छापल्यासारखं. काका दारात उभे होते. त्यांनी पप्पांच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघितलं, "कुनी न्हाई," असं आतल्या माणसाला सांगितलं आणि दार लावून घेतलं. पप्पा घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पोलीस चौकीत जमादारांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहाही सांगितला. "पन ताई, मारलं का कुनी? शिवी दिली? दारात काय टाकलं?" आई म्हणाली, "न्हाई." "मग लिहू काय? बोलंनात म्हनून?" त्यांचंही खरंच होतं. मग आम्ही मुखेडच्या कोर्टात बिरादार वकिलांना गाठलं. ते उदगीरकडचे, कपाळाला विभूती, बोलणं सावकाश. ते म्हणाले, "हे बघा शिमोनभाऊ, आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आलाय. लोकाला वाटतंय तो फक्त जातपंचायतीसाठी हाय. तसं न्हाई. एका धर्माची, एका पंथाची मानसं एकत्र येऊन कुनाला वाळीत टाकू लागली, दफनभूमी बंद करू लागली, तर तेबी त्यातच येतंय. पोलिसांत जाता येतं, न्हाईतर सरळ म्याजिस्ट्रेटसमोर तक्रार करता येती. पन पुरावा लागतो. न बोलनं मी कोर्टात कसं दाखवू? कुनी एक शब्द लिहून दिलाय का?" कुणीच दिला नव्हता. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. "गप्प बसायचा असला गुन्हा कुनी शोधला असंल गं?" ती म्हणाली. आज मी माझ्या अशिलांना हेच पहिल्यांदा विचारते, की कुणी काही लिहिलंय का, आणि त्यांचे चेहरे आईसारखे झालेले बघते.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला पहाटे दफनभूमीत जायची आमच्याकडं पद्धत आहे. आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, पहाटे उजाडायच्या आत प्रत्येक कबरीवर मेणबत्ती, झेंडूची फुलं, आणि पाळक त्या वर्षी निजलेल्यांची नावं वाचतात. मग सूर्य वर आला की कुणीतरी मोठ्यानं म्हणतं, "प्रभू उठला आहे," आणि सगळे म्हणतात, "खरोखर उठला आहे." त्या वर्षी जायचं की नाही यावर घरात बोलणं झालं. आई म्हणाली, "माझा सासरा तिथं हाय. मी जानार." आत्याजवळ शेजारच्या बाईला बसवून आम्ही तिघं निघालो. फाटक उघडं होतं. आत सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत उभी होती. आम्ही मागं भिंतीशी थांबलो. कुणी वळून बघितलं नाही. वारा अजिबात नव्हता, मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. आजोबांच्या कबरीला कुणीतरी चुना लावला होता, हे बघून मला क्षणभर बरं वाटलं. आणि मग तिच्या शेजारी, लिंबाखालच्या मोकळ्या जागेत, मला मातीचे चार छोटे उंचवटे दिसले. ताजे. वरून पाणी शिंपडलेलं. प्रत्येकावर एक मेणबत्ती आणि एक झेंडू. त्यांच्यावर क्रूस नव्हता.

पाळकसाहेब नावं वाचायला लागले. दोन म्हाताऱ्या माणसांची नावं झाली, ती खरंच त्या वर्षी गेली होती. मग त्याच आवाजात, तेवढंच थांबत, ते म्हणाले, "बंधू शिमोन. भगिनी मार्था. भगिनी दीना. कुमारी एस्तेर." एस्तेर मी. मंडळी म्हणाली, "आमेन." ती माणसं ते चेष्टेनं म्हणाली नाहीत, हे मला आजही घाबरवतं. काही जण डोळे पुसत होते. सुलोचनामावशी पदरात तोंड घालून हुंदके देत होती, माझ्यासाठी, आणि मी तिच्यापासून पंधरा पावलांवर उभी होते. पप्पांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. तो आवाज झाला तशी मावशीच्या कडेवरची मरियम वळली. तिनं माझ्याकडं बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, इस्तरअक्का तिथं हाय की." कुणी हललं नाही. "आई, बघ की! सिस्टर बी हाय!" मावशीनं न वळता हात वर नेला आणि पोरीचे डोळे झाकले. सूर्य वर आला. "खरोखर उठला आहे," सगळे म्हणाले, आणि आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत, अंगाला अंग लागू न देता, फाटकाबाहेर गेले.

घरी आल्यावर आत्याला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आईनं सांगून टाकलं. आत्यानं खिडकीतून लिंबाकडं बघितलं. मग म्हणाली, "माझी मेनबत्ती कुठं लावली?"

"दादांच्या शेजारी," पप्पा म्हणाले. आजोबांना ती दोघं दादा म्हणायची.

"मग जागा तर तीच दिली की रं." आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "मला जित्तेपनी पुरलं, शिमोन. मेल्यावर तरी पुरतील का, ते इचार."

बिरादार वकिलांनी सांगितलं की निदान तुम्ही मंडळीचे सभासद आहात, एवढा तरी दाखला आणा. पप्पा पुन्हा त्या दारात जायला तयार नव्हते. मी अर्ज लिहिला आणि चर्चच्या ऑफिसात गेले. मनोहरकाका एकटेच होते. मी अर्ज टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, अर्जाकडं बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "अर्ज आलाय. सभासद नोंदवहीचा उतारा पायजे." कपाट उघडलं, लाल कापडी बांधणीची मोठी वही काढली, आणि टाक घेऊन बसले. मी उभीच. पंख्याचा कुरकुर आवाज आणि निबेचा कागदावरचा आवाज, बाकी काही नाही. त्यांनी उतारा लिहिला, खाली सही केली, मंडळीचा शिक्का मारला, कागद टेबलाच्या माझ्या बाजूच्या कडेला सरकवला, वर पेपरवेट ठेवलं आणि बाहेर निघून गेले. मी कागद उचलला. आमच्या चौघांची नावं, जन्म, बाप्तिस्मा, सगळं नीट. आणि शेवटच्या 'शेरा' रकान्यात, पुनरुत्थानाच्या रविवारची तारीख घालून, चार वेळा, छापल्यासारख्या अक्षरात: निजले. निजली. निजली. निजली. 

त्या वहीची एक गंमत आहे, ती मला नंतर कळली. शेरा रकान्यात तीनच गोष्टी लिहायची रीत होती: बदली, निजले, किंवा काढले. 'काढले' लिहायला मंडळीच्या सभेचा ठराव लागतो, कारण लागतं, आणि आईचं कारण कुणाला लिहून काढायचं धाडस नव्हतं. पण निजलेल्यांच्या यादीत वाचलेल्या नावापुढं कोरी जागा ठेवणं मनोहरकाकांसारख्या माणसाला जमलं नसावं. पाळकांनी नावं वाचली, यांनी चढवली. बिरादार वकिलांनी कागद वाचला, पहिल्यांदा हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अहो, यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय," ते म्हणाले.

तक्रार सरळ म्याजिस्ट्रेटसमोर गेली. साहेबांनी उतारा वाचला आणि वर बघून विचारलं, "यातले मयत दाखवलेले चौघं कोण?" आई, पप्पा आणि मी उभे राहिलो. "चौथी बाजेवर हाय साहेब," पप्पा म्हणाले, "पन जित्ती हाय. सकाळीच चहात साखर कमी म्हनून भांडली." कोर्टात हशा पिकला. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. आम्ही ते आध्यात्मिक अर्थानं म्हटलं, असं त्यांचं म्हणणं होतं. बिरादार वकील म्हणाले, "पन फाटकाचं कुलूप आध्यात्मिक न्हाई, साहेब." आम्ही सगळ्यात आधी एवढंच मागितलं होतं की दीनाआत्याच्या दफनाला कुणी आडवं येऊ नये. तो हुकूम आधी मिळाला. त्या दिवशी एसटीत आईनं भेळ घेऊन दिली.

पुढं खटला चालला असता, पण पावसाळ्यात मंडळीचे चार मोठे लोक बिरादार वकिलांकडं तडजोडीसाठी आले. या कायद्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्याची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोड होते. मला ती नको होती. मला ते सगळे पिंजऱ्यात उभे राहिलेले बघायचे होते. आत्या म्हणाली, "सगळ्यांला आत घातलंस तर मला माती कोन देईल, इस्तर? तुझा वकील?" आईनं अटी सांगितल्या. फाटक कुणालाही बंद करायचं नाही. लेकरू आजारी पडलं तर आधी दवाखाना आणि मग प्रार्थना, असं पाळकसाहेबांनी स्वतः उपासनेत उभं राहून सांगायचं. आणि वहीतली नोंद दुरुस्त करून आमच्या नावापुढं 'हयात' लिहायचं. कोर्टानं ते मान्य केलं. पाळकसाहेबांनी एका रविवारी ते वाचून दाखवलं. तरीही आमच्याशी कुणी बोललं नाही. कोर्ट फाटक उघडू शकतं, तोंडं उघडू शकत नाही, हे मी वकील होण्याच्या कितीतरी आधी शिकले.

पोळा झाल्यावर चार-पाच दिवसांनी आत्या गेली, दुपारी, लिंबाकडं बघत. पप्पांनी फक्त चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा फाटक उघडं होतं आणि आजोबांच्या शेजारी कबर खणून तयार होती. कुणी खणली, माहीत नाही. शिवाप्पामामा, आरोग्य केंद्रातली माणसं, डेपोतले चार मेकॅनिक, आणि बिरादार वकील, एवढे आम्ही. पप्पांनी माळ्यावरची पेटी आणली होती. त्यांनी आत्याच्या आवडीचं गीत धरलं आणि पहिल्या दोन ओळी एकट्यानं म्हटल्या. तिसऱ्या ओळीला भिंतीपलीकडून आवाज आला. आधी एक बाई, मग आणखी, मग सगळी. गात गात ती माणसं फाटकातून आत आली, आमच्याकडं न बघता रांगेनं पुढं झाली, आणि प्रत्येकानं मूठ मूठ माती घातली. सुलोचनामावशीनं घातली. तिनं मरियमच्या हातानंही घातली, आणि या वेळी पोरीचे डोळे झाकले नाहीत.

शेवटी मनोहरकाका वही घेऊन आले. दफनाची नोंद करताना घरच्या माणसाची सही लागते. त्यांनी वही भिंतीवर ठेवून उघडली आणि मला आमचं पान दिसलं. 'निजले' शब्दांवर पट्टीनं सरळ रेघ मारली होती. कोर्टाच्या कागदात 'हयात' लिहा म्हटलं होतं, तिथं काकांनी चौघांच्याही पुढं, त्याच छापील अक्षरात, वेगळाच शब्द लिहिला होता. उठले. उठली. उठली. उठली. तेव्हा ऑफिसात तो उतारा मला देताना त्यांना माहीत होतं का, की आपण काय हातात देतोय? मी आजवर त्यांना विचारलेलं नाही. विचारलं तर ते उत्तर देतील, आणि मला ते उत्तर कुठल्याही बाजूनं नको आहे.

आत्याच्या नावापुढं, 'उठली'च्या खाली, त्यांनी आदल्या दिवसाची तारीख घालून सावकाश लिहिलं: निजली. मग टाक माझ्याकडं केला आणि वर बघितलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाचे डोळे माझ्या चेहऱ्यावर आले आणि तिथंच थांबले. ते लाल झाले होते.

"इस्तर," ते म्हणाले, "इथं सही कर, बेटा."

माझं नाव ऐकून मला इतकं रडू आलं की सही धड आली नाही.